पोरांची काळजी कोण जास्त घेतं, फुटबॉलचा रेफ्री की क्रिकेटचा अंपायर?

कोल्हापुरात पोरगं चालायला लागलं की बॉलला लाथ मारतंच, त्यामुळं आधी फुटबॉल. नियमात शिनगार्ड (नडगीवर बांधायचं पॅड) कंपल्सरी, अंगठी, कडं, गळ्यातली चेन काढायचीच, वरून टेप लावली तरी चालत नाही. आणि दुखापत सिरियस वाटली की रेफ्री एकटा शिट्टी मारून खेळ थांबवू शकतो, कुणाला विचारायची गरज नाही. रक्त येत असलं तर पोरगं बाहेर, थांबल्यावरच आत.

क्रिकेटमध्ये मैदान किंवा उजेड धोकादायक असला तर दोन्ही अंपायरनी मिळून ठरवायचं, इथं वेळ जातो. पण एक नियम मला लई आवडतो, शॉर्ट बॉल (आखूड टप्प्याचा, अंगावर उसळणारा) धोकादायक आहे का हे बॅट्समनची कुवत बघून ठरवायचं आणि त्यानं हेल्मेट घातलंय हे धरायचंच नाही. म्हणजे बारा वर्षांच्या नवख्या पोराला जोरात बाउन्सर टाकला तर नो बॉल आणि वॉर्निंग, परत टाकला तर त्या इनिंगमध्ये बॉलिंग बंद.

मागं एका मॅचला माझ्या भाच्याच्या हेल्मेटच्या जाळीवर बॉल बसला, जाळी आत वाकली, पोरगं पांढरं पडलं आणि अंपायर म्हणाला हेल्मेट आहे की, चल खेळ. नियम नेमका उलटा आहे हो! तिथं मी बाहेरून ओरडलो.

म्हणून माझं मत, कागदावर क्रिकेटचा नियम पोरांसाठी जास्त बारकाईनं लिहिलाय, पण मैदानात मला फुटबॉलवालाच बरा वाटतो, शिट्टी एकाच्याच हातात असते.