अत्तर, परफ्यूम की बॉडी मिस्ट? अंगावर आणि केसांत सुगंध टिकवायचा असेल तर काय घ्यावं

सकाळी आठला परफ्यूम मारून निघायचं आणि साडेदहाला ऑफिसात पोचेपर्यंत मनगटावर वासाचा मागमूसही उरलेला नसतो. ही तक्रार सर्रास ऐकू येते, आणि त्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात, तो म्हणजे आणखी महागडी बाटली. बाटली बदलून फरक पडतो, नाही असं नाही. पण त्याआधी दोन गोष्टी ठरवा. सुगंध त्वचेवर हवाय, केसांत हवाय की कपड्यांवर? आणि तो तुमच्या अगदी जवळ आलेल्यालाच जाणवावा, की तुम्ही खोलीत शिरताच सगळ्यांना कळावा? या दोन उत्तरांवरूनच निम्मी निवड होऊन जाते.

दुकानात साधारण चार प्रकार समोर येतात. बॉडी मिस्टमध्ये सुगंधी अर्क जेमतेम १ ते ३ टक्के असतो, बाकी पाणी आणि अल्कोहोल. ईडीटी (ओ द तॉयलेट) म्हणून मिळतो त्यात ५ ते १५ टक्के, ईडीपीमध्ये (ओ द पार्फम) १५ ते २० टक्के. अत्तरात अल्कोहोल नसतंच. सगळा मामला तेलाचा. हे आकडे ढोबळ आहेत. बाटलीवर ईडीपी लिहायला अमुक टक्के अर्क हवाच असा नियम नाही, त्यामुळे एका कंपनीची ईडीटी दुसऱ्या कंपनीच्या ईडीपीपेक्षा जास्त टिकलेली दिसते.

टक्केवारीपेक्षा मोठा फरक पडतो तो सुगंधाच्या जातीचा, आणि नेमकं हेच विकणारा सांगत नाही. लिंबू, संत्रं, बर्गमॉट (लिंबाच्याच कुळातलं एक फळ) यांचे रेणू हलके असतात, ते अर्ध्या-पाऊण तासात उडून जातात. गुलाब, मोगरा यांसारखे फुलांचे वास काही तास साथ देतात. चंदन, वाळा, पचौली, नागरमोथा आणि मस्क (कस्तुरीसारखा वास) मात्र जड. ते संध्याकाळपर्यंत अंगाला धरून राहतात. म्हणजे ताजातवाना लिंबूवर्गी वास आवडत असेल तर कितीही पैसे मोजले तरी तो दुपारपर्यंत टिकणार नाही. अशा माणसानं ईडीपीवर खर्च करू नये. साधी ईडीटी घ्यावी, पाच-दहा मिलीच्या छोट्या स्प्रेत भरून पर्समध्ये ठेवावी आणि जेवणानंतर पुन्हा मारावी. हा कमीपणा नाही, त्या वासाचा स्वभावच तसा आहे.

आता अत्तर आणि स्प्रे यांच्यात निवडायचं असेल तर.

स्प्रेमधलं अल्कोहोल उडताना वासाला सोबत घेऊन हवेत पसरतं. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत घमघमाट होतो. अत्तराला वर उचलणारं असं काही नसतं, ते त्वचेवरच बसून राहतं आणि अंगाच्या उबेनं हळूहळू सुटतं. दरवळ हातभर अंतरापुरता, पण तास जास्त. ज्यांची त्वचा कोरडी आहे त्यांना हा फरक चटकन जाणवतो, कारण कोरड्या त्वचेवर वासाला धरून ठेवायला स्निग्धपणाच नसतो. थंडीत पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत तर स्प्रे बघता बघता विरून जातो. माझं स्पष्ट मत असं, की त्वचेवर टिकणं हीच पहिली अट असेल तर अत्तर घ्यावं.

फक्त ते अत्तर कसलं आहे हे बघून घ्यावं. अत्तरांसाठी नावाजलेल्या उत्तर प्रदेशातल्या कनौजची जुनी पद्धत म्हणजे तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी घालून खाली मंद आच द्यायची, वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यात न्यायची, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं, ते वास शोषून घेतं. चंदन स्वतःच जड असल्यामुळे गुलाबासारखा नाजूक वासही त्याच्या आधारानं टिकतो. चंदनतेल आता फार महाग झालं आहे, म्हणून स्वस्त अत्तरांत त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन किंवा डीपीजी नावाचा द्रावक आणि कृत्रिम सुगंध असतो. कृत्रिम म्हणजे वाईट असं मी म्हणणार नाही, पुष्कळ कृत्रिम मस्क अस्सल फुलांपेक्षा जास्त टिकतात. पण अडीचशे रुपयांना मिळालेलं गुलाबाचं अत्तर चंदनावर काढलेलं असेल या भ्रमात राहू नये.

ऋतूही बघा. वाळा, गुलाब आणि मातीचं अत्तर उन्हाळ्यासाठी. हिना आणि शमामा ही मसाले-वनस्पतींच्या मिश्रणाची जड अत्तरं थंडीसाठी. मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात हिना लावून बाहेर पडलात तर दुपारी स्वतःलाच डोकं जड झाल्यासारखं वाटेल. वाळ्याचं तसं होत नाही आणि तो टिकायलाही पक्का, म्हणून आपल्या उन्हाळ्यासाठी मी डोळे झाकून वाळाच सुचवेन. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत अडचण वेगळी असते. तिथे वास उडून जाण्यापेक्षा घामाबरोबर धुऊन जातो, त्यामुळे कुठे लावता याला महत्त्व येतं.

सगळे मनगटावर लावतात, आणि टिकण्याच्या दृष्टीनं ती सर्वात वाईट जागा. दिवसभरात हात किती वेळा धुतले जातात! वर दोन्ही मनगटं एकमेकांवर घासायची सवय. त्या घर्षणाच्या उबेनं वरवरचे हलके वास लवकर उडतात. त्यापेक्षा कोपराच्या आतली बाजू, गळ्याखालचं हाड, कानामागची जागा बऱ्या. कानाच्या पाळीवरच्या घडीत अत्तराचा फाया खोचायची जुनी पद्धत तर फारच शहाणपणाची आहे: तिथे ऊब असते, पाणी लागत नाही आणि कापूस थोडं थोडं अत्तर सोडत राहतो.

लावायची वेळ आंघोळीनंतरची. अंग पुसल्यावर त्वचा किंचित ओलसर असतानाच बिनवासाचं लोशन लावा, किंवा जिथे सुगंध लावायचा तेवढ्याच जागी व्हॅसलीनचं बोट फिरवा, आणि त्यावर अत्तर किंवा स्प्रे. ईडीटी वापरणाऱ्यांना याचा सर्वात जास्त फायदा होतो. नवी बाटली घेण्याआधी आठवडाभर एवढंच करून बघा, कदाचित बाटली बदलायची गरजच उरणार नाही.

आणखी एक. आपल्या अंगावरच्या वासाची आपल्या नाकाला फार लवकर सवय होते. वास गेला असं वाटून लोक पुन्हा पुन्हा मारतात आणि लिफ्टमधल्या माणसाचा जीव गुदमरतो. उडाला की नाही हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारावं.

बर्गमॉट, लिंबू अशा फळांच्या सालीचं तेल असलेला सुगंध मानेवर मारून उन्हात जाऊ नका. त्यातल्या काही घटकांवर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळे डाग राहतात. त्वचा नाजूक असेल तर कोणताही नवा सुगंध आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा. अत्तर नैसर्गिक आहे म्हणून त्याची ॲलर्जी येत नाही, असंही समजू नका.

केसांकडे येऊ. सुगंध टिकायला केस त्वचेपेक्षा बरे. त्यांना घाम येत नाही, वास धरायला लाखभर धागे असतात आणि मान हलली की दरवळ सुटतो. पण अल्कोहोलनं केस कोरडे पडतात. कलर केलेले किंवा स्ट्रेट करून घेतलेले केस आधीच रुक्ष असतात, त्यांच्यावर थेट परफ्यूम मारणं मला अजिबात पटत नाही. मारायचाच तर कंगव्यावर एक-दोनदा मारा, अल्कोहोल उडू द्या आणि मग केसांच्या खालच्या अर्ध्या भागातून कंगवा फिरवा. डोक्याच्या त्वचेला लागू देऊ नका. स्प्रे ओला असताना गॅसजवळ किंवा समईजवळ जाऊ नका, हे सणावारी तर विशेष लक्षात ठेवा.

हेअर मिस्टमध्ये सहसा अल्कोहोल कमी असतं किंवा नसतं. रोजच्या वापराला ती सुरक्षित, पण अर्क कमी असल्यामुळे टिकते थोडीच. तिच्यापेक्षा मला जुना मार्ग बरा वाटतो: केस धुण्याच्या शिकेकाईत नागरमोथा, कपूरकाचरी आणि वाळा घालणं. नागरमोथ्याच्या तेलाला परफ्यूमच्या धंद्यातही मान आहे तो त्याच्या जड, टिकाऊ वासामुळेच. केस वाळल्यावर त्याचा मंद मातकट वास मागे राहतो आणि वर दुसरं काही मारलं तरी त्याच्याशी भांडत नाही. केसांना तेल लावणाऱ्यांनी खोबरेल तळहातावर घेऊन त्यात वाळ्याच्या अत्तराचा एकच थेंब मिसळावा आणि फक्त टोकांना लावावं. 

एका दिवसाच्या लग्नकार्यासाठी मात्र कोणतीही बाटली गजऱ्यापुढे फिकी आहे. मोगरा खुडल्यावरही वास तयार करत राहतो. फ्रान्समधल्या ग्रास या गावी जाईची फुलं चरबीच्या थरावर पसरून वास काढत ते याच गुणामुळे. म्हणून उमललेल्या फुलांचा गजरा घेऊ नका. दुपारी घट्ट कळ्यांचा घ्या, ओल्या फडक्यात ठेवा आणि संध्याकाळी माळा. कार्यक्रम रंगात येईल तेव्हा तो उमलेल. अबोली दिसायला देखणी, पण तिला वास नाही, ती मोगऱ्यात गुंफूनच घ्यावी. आणि वास दुसऱ्या दिवशीही हवा असेल तर बकुळ किंवा सुरंगी शोधा. बकुळीची फुलं सुकून तपकिरी होतात तरी वास सोडत नाहीत. सुरंगी वेंगुर्ल्याकडे आणि गोव्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी थोडेच दिवस मिळते. तिच्या वळेसराचा, म्हणजे गजऱ्याचा, वास वेणी सोडली तरी केसांत राहतो.

गजऱ्याच्या तोडीचा दुसरा उपाय म्हणजे धूप. न्हाल्यानंतर केस ऐंशी टक्के वाळू द्यायचे. धुपाटण्यात लाल झालेले निखारे घ्यायचे, राख झटकायची आणि वर चिमूटभर ऊद टाकायचा. वर वेताची टोपली पालथी घालून केस तिच्यावर पसरायचे, दोन-तीन मिनिटं, मग दुसरी बाजू. केस अगदी कोरडे असतील तर धूर धरत नाही, फार ओले असतील तर वास कोंदट येतो. मधली वेळ साधली पाहिजे. दाट, कुरळ्या केसांत हा वास पुढच्या न्हाण्यापर्यंत पुरतो. दमा असलेल्यांनी आणि घरात तान्हं बाळ असेल तर हा मार्ग सोडून द्यावा, धूर शेवटी धूरच.

कपड्यांवर वास सर्वात जास्त टिकतो, सुती आणि लोकरीच्या कपड्यांवर विशेष. इथे स्प्रेला पर्याय नाही, कारण अत्तराचा तेलकट डाग जाता जात नाही. पैठणीवर आणि जरीवर मात्र दोन्ही नकोत. स्प्रेनं जरीचे धागे काळे पडतात. परकराच्या काठाला किंवा रुमालाला लावा.

मग घ्यावं काय? लोकलनं किंवा बसनं प्रवास करणाऱ्यानं वाळ्याचं अत्तर अंगाला लावावं आणि हलकी ईडीटी कपड्यांना, दोन्ही मिळून एका मध्यम ईडीपीच्या खर्चात बसतं. दिवसभर एसीत बसणाऱ्यानं चंदन किंवा मस्क तळाशी असलेली ईडीपी घ्यावी, पण दोनच फवारे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना बॉडी मिस्टच आवडते, घेऊ द्या. फक्त ती दोन तासांची आहे हे माहीत असू द्या. टिकण्यासाठी म्हणून ती घेण्यात अर्थ नाही.

खरेदीला मुंबईत मोहम्मद अली रोडवर जा किंवा गावातल्या अत्तरवाल्याकडे, घाई करू नका. दुकानदार काचेच्या कांडीनं हाताच्या मागच्या बाजूला लावून देतो, तेव्हा येतो तो फक्त पहिला वास. एका हाताला एक, दुसऱ्या हाताला दुसरं, याहून जास्त लावून घेऊ नका. बाहेर पडा, बाकीची कामं उरका, आणि तीन तासांनी जो हात हुंगावासा वाटेल त्याची ३ मिलीची कुपी परत जाऊन घ्या. तोळाभर पुढच्या खेपेला. आणि घरी आणल्यावर ती बाथरूमच्या फळीवर ठेवू नका. ऊन, ऊब आणि दमटपणा लागला की वास बिघडतो. कपाटात, कपड्यांच्या घडीखाली तिची जागा.