टोमॅटोच्या मर रोगासाठी सुडोमोनास घ्यावं की बॅसिलस?

नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात टोमॅटोची लागवड जवळ आली की हा प्रश्न येतोच. लोक ट्रायकोडर्मापण यातच धरतात, पण ती बुरशी आहे, बॅक्टेरिया नाही, म्हणून आज फक्त सुडोमोनास आणि बॅसिलस या दोन उपयोगी बॅक्टेरियांचं बोलू.

सुडोमोनास फ्लुरोसन्स ओल्या मातीत मुळांभोवती झपाट्याने वाढतं, तिथलं लोह स्वतःकडे ओढून घेतं म्हणजे मर आणणाऱ्या फ्युजारियम बुरशीला ते मिळत नाही, वर बुरशीला मारक द्रव्यंही सोडतं आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतं. पण याला बीजाणू (वाईट दिवस काढायची टणक, झोपलेली अवस्था) नसतात आणि खरी अडचण इथेच आहे, कारण पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे घालवलेल्या पुड्यात जिवंत काय उरलं असेल सांगता येत नाही. बॅसिलस सबटिलिस उलट, टणक बीजाणू करून ऊन आणि कोरड सहन करतं, ओल मिळाली की परत जागं होतं आणि त्याची द्रव्यं बुरशीच्या पेशीचं आवरणच फोडतात.

म्हणून माझं मत सरळ आहे. रोपवाटिका आणि खरीप असेल तर ताजं सुडोमोनास घ्या, किलोभर बियाण्याला १० ग्रॅम चोळा, लागवडीआधी रोपांची मुळं त्याच्या पाण्यात बुडवून काढा आणि एकरी किलोभर पावडर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या. उन्हाळी प्लॉट असेल, किंवा माल घेऊन काही दिवस घरात ठेवावा लागणार असेल, तर डोळे झाकून बॅसिलस. पुड्यावरची एक्सपायरी आणि सीएफयूचा (जिवंत जिवाणूंच्या संख्येचा) आकडा मात्र दोन्हीत बघायचाच.

दोन्हींपैकी काहीही द्या, रोग दिसायच्या आधी द्या, झाड वाळायला लागल्यावर आळवणी (मुळाशी द्रावण ओतणं) करून उपयोग नाही. आणि कृपा करून त्याच टाकीत कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा स्ट्रेप्टोसायक्लीन टाकू नका, ती औषधं बॅक्टेरियाच मारतात, मग आपले कसे वाचतील? पुण्यात गच्चीवर कुंड्यांत टोमॅटो लावणाऱ्यांनी नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा, क्लोरीन कमी होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी मर कोणती ते बघा. खालची पानं पिवळी पडत, बरेचदा एकाच बाजूने, झाड हळूहळू गेलं तर फ्युजारियम. झाड हिरवंगार असताना दुपारी अचानक मान टाकत असेल तर खोड तिरकं कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टोक बुडेल असं धरा, थोड्या वेळात दुधासारखी धार खाली उतरली की ती राल्स्टोनियाची जिवाणूजन्य मर. खात्री नसेल तर उपटलेलं झाड मुळासकट नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. राल्स्टोनियाच निघाला तर या दोन पुड्यांच्या भरवशावर राहू नका, त्या रानात टोमॅटो, वांगी, मिरची थांबवून मका घ्या, आणि टोमॅटोच करायचा असेल तर वांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं घ्या.