पायपेटीच्या घराण्यातील गिटार : यामाहा एफजी ८००

१८८७ साली जपानमधील हामामात्सु येथील एका शाळेची बिघडलेली पायपेटी दुरुस्त करताना तोराकुसु यामाहा यांना तसे वाद्य स्वतः घडवण्याची ओढ लागली आणि त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीने १९६६ मध्ये एफजी १८० ही फोक गिटार बाजारात आणली. संगीत नाटकांवर वाढलेल्या पुणेकराला हा उगम जवळचा वाटावा.

त्याच मालिकेतील एफजी ८०० मी बुधवार पेठेतील एका दुकानातून घेतली. तिची पुढची फळी एकसंध स्प्रूस लाकडाची असून आतील आधारपट्ट्या कोरून हलक्या केलेल्या आहेत. त्यामुळे फळी मोकळेपणाने कंप पावते, खर्ज भरदार उमटतो आणि हळुवार छेडलेली तारही स्पष्ट ऐकू येते. या किमतीत इतका प्रामाणिक नाद मी अन्य गिटारीत ऐकलेला नाही. दुकानदाराने मात्र तारांची दांडीपासूनची उंची न जुळवताच वाद्य हाती दिले, आणि अशा उंच तारांमुळेच नवशिक्याची बोटे अधिक सोलवटतात. कारागिराकडून सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पुढच्या फळीवरची पट्टी, थोडी घासून घेतल्यावर एका बोटाने अनेक तारा एकदम दाबून वाजवायचे बार कॉर्डही सहज लागू लागले. एकसंध लाकूड हवेतील ओलावा शोषते, म्हणून पुण्याच्या पावसाळ्यात ती भिंतीवर न टांगता सिलिका जेलच्या पुड्यांसह केसमध्येच ठेवावी.