सवाई की जळगावचा बालगंधर्व महोत्सव?

धाकटा भाऊ विचारतोय, डिसेंबरात पुण्याला सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जाऊ की जानेवारीत जळगावलाच बालगंधर्व संगीत महोत्सव ऐकू, पैसे एकाच महोत्सवापुरते आहेत.

खर्चाचं सरळ आहे, पुण्याला रेल्वे, लॉज, तिकीट, सगळा पैसा तिकडेच जातो. इथे तो आपल्या गावात फिरतो, मध्यंतरात चहावाल्याला मान वर करायला फुरसत नसते आणि बाहेरगावचे रसिक जाताना भरताची वांगी पिशवी भरून नेतात.

गाण्याचं म्हणशील तर सवाई १९५३ पासूनचा, गायक पंडित भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मृतीत सुरू केलेला, हजारो माणसं एका 'सा'वर गप्प होतात तो अनुभव इथे नाहीच. पण इथे पोरं पुढे बसून तबलजीची बोटं बघतात रे, त्यातूनच उद्याचे गाणारे-वाजवणारे निघतील.

स्वतः शिकत असशील तर एकदा सवाई करच, आईला न्यायचं असेल तर जळगाव.