कॉलेजचे गार्ड तोलताना: तीन मोफत संकेतस्थळांची पारख

अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधला गार्ड (चेंडू पुढे नेणारा, बाहेरून खेळणारा खेळाडू) एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, टिकेल का, याचा अंदाज घ्यायला पैसे मोजायची गरज नाही. तीन संकेतस्थळं फुकट आहेत: स्पोर्ट्स रेफरन्सचा कॉलेज बास्केटबॉल विभाग, बार्ट टॉर्विक, आणि एनबीएच्या अधिकृत आकडेवारीतला ड्राफ्ट कम्बाइनचा विभाग. ड्राफ्ट म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडणं, कम्बाइन म्हणजे त्याआधीची मोजमापं आणि चाचण्या. तिघांची कामं वेगळी आहेत. एकच ठेवायचं झालं तर बार्ट टॉर्विक ठेवावं.

सुरुवात मात्र स्पोर्ट्स रेफरन्सवर करावी, कारण तिथलं पान कोणालाही कळतं. खेळाडूचं नाव टाकलं की वर्षागणिक सगळा हिशेब समोर येतो. सामन्यामागची सरासरी पाहून थांबू नये. कॉलेजचा सामना 40 मिनिटांचा आणि शॉट क्लॉक (चेंडू टाकायची मुदत) 30 सेकंदांचा. एनबीएत 48 मिनिटं आणि 24 सेकंद. शिवाय काही संघ संथ खेळतात, काही धावतात. म्हणून दर 100 पझेशनचा (पझेशन म्हणजे चेंडू संघाकडे असण्याची एक पाळी) तक्ता उघडावा, दोन गार्ड तिथे एका पातळीवर येतात. मोबाइलवर हे तक्ते रुंद पडतात आणि उजवीकडचे रकाने दिसत नाहीत. फोन आडवा धरावा, किंवा तक्त्यावरच्या शेअर-एक्स्पोर्टमधून सीएसव्ही काढून घ्यावा.

इथे सगळ्यात जास्त फसवतो तो थ्रीचा, म्हणजे रेषेबाहेरून टाकलेल्या तीन गुणांच्या चेंडूंचा, टक्का. दोन कारणांनी.

पहिलं कारण रेषा. स्टीफन करीची डेव्हिडसनमधली तीन वर्षं पाहा: 40.8, 43.9 आणि शेवटच्या वर्षी 38.7 टक्के. नुसता तक्ता वाचणाऱ्याला वाटेल, नेम बिघडला. पण 2008-09च्या हंगामात कॉलेजची रेषाच 6.02 मीटरवरून 6.32 मीटरवर गेली होती, आणि त्याच वर्षी करीकडे पॉइंट गार्डचं काम आलं. 2009च्या ड्राफ्टमध्ये तो सातव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या आधी पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर मिनेसोटाने रिकी रुबियो आणि जॉनी फ्लिन असे दोन गार्ड घेतले होते. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमधली रेषा 2019-20पासून 6.75 मीटरवर आहे, म्हणजे फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) अंतरावरच. त्यामुळे 2019च्या आधीचा आणि नंतरचा टक्का शेजारी शेजारी ठेवून निकाल देऊ नये. संकेतस्थळ याची सूचना तक्त्यात देत नाही, ती वही आपणच ठेवायची.

गोव्यातल्या खेळाडूला यात एक सोय आहे. मडगाव, पणजी किंवा फोंड्यातल्या कोर्टवर फिबाच्या मापाची रेषा आखलेली असेल, तर ती हल्लीच्या कॉलेजचीच रेषा. एनबीएची समोरची रेषा 7.24 मीटरवर. टेप घेऊन 6.75च्या मागे आणखी 49 सेंटिमीटर मोजा, खडूने खूण करा आणि तिथून दहा चेंडू टाका. ज्या गार्डचे पाय कॉलेजच्या रेषेला चिकटलेले असतात त्याला पुढे काय जड जाणार आहे, ते तेव्हा खांद्याला कळतं.

दुसरं कारण आकड्यांचा तुटपुंजेपणा. खरा नेम 37 टक्क्यांचा असलेल्या गार्डने हंगामात 150 थ्री टाकले, तर निव्वळ नशिबाने त्याचा टक्का 33 ते 41च्या मध्ये कुठेही पडू शकतो, आणि साधारण तीनातल्या एका हंगामात त्याच्याही बाहेर जातो. म्हणून थ्रीच्या शेजारी फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा चेंडू) वाचायलाच हवा. तिथे अंतर ठरलेलं असतं आणि हात आडवा घालायला कोणी नसतं, त्यामुळे हाताची ढब स्वच्छ दिसते. 2017च्या ड्राफ्टमधले खेळाडू याचं ठळक उदाहरण. मार्केल फुल्ट्झचे थ्री 41.3 टक्के आणि फ्री थ्रो 64.9, लॉन्झो बॉलचे 41.2 आणि 67.3. पहिला आणि दुसरा क्रमांक या दोघांचा. बॉल एनबीएच्या पहिल्या हंगामात थ्रीला 30.5 टक्क्यांवर उतरला, फ्री थ्रोला तर 45.1वर. पुढे त्याने नेमबाजी सुधारली, हेही नोंदवायला हवं. फुल्ट्झच्या बाबतीत खांद्याचं दुखणं मधे आलं, त्यामुळे सगळा दोष कॉलेजच्या आकड्यांवर टाकणं बरोबर नाही. आता टायरीज हॅलिबर्टन पाहा. आयोवा स्टेटमधल्या शेवटच्या हंगामात 41.9 आणि 82.2. शॉटची ढब वेगळी, चेंडू खांद्याजवळून सुटतो, पण दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगत होते. 2020मध्ये तो बारावा गेला.

आता बार्ट टॉर्विक. पान रुक्ष, रकान्यांची नावं आखूड, समजावून सांगणारं कोणी नाही. पहिले दोन दिवस डोकं फिरतं. पण प्रतिस्पर्धी संघाच्या दर्जानुसार आकडे गाळायची सोय इथे आहे, आणि गार्ड तोलताना तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. आधी पूर्ण हंगाम पाहावा, मग फक्त पहिल्या 50 संघांविरुद्धचे सामने. टर्नओव्हरचं (चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गमावण्याचं) प्रमाण चढलं आणि रिंगजवळचे प्रयत्न आटले, तर तो गार्ड दुबळ्या बचावावर पोसलेला आहे. छोट्या कॉन्फरन्समधल्या (कॉलेजांच्या गटातल्या) मुलांपुढे मात्र ही चाळणी अडते: पहिल्या 50मधले संघ त्यांच्या वाट्याला दोन-तीनदाच येतात. तिथे 100पर्यंत मर्यादा वाढवावी, तरीही सामने पाचापेक्षा कमी भरले तर तो आकडा सोडून द्यावा. छोट्या कॉलेजच्या नावावर काट मारू नये. डेमियन लिलार्ड वेबर स्टेटचा, जा मोरांट मरे स्टेटचा.

टर्नओव्हर कधीही एकटा वाचू नये, शेजारी युसेजचा रकाना हवाच. गार्ड मैदानावर असताना संघाची किती पझेशन त्याच्या हातून संपतात, ते युसेज सांगतं. ट्रे यंगचे ओक्लाहोमात सामन्यामागे 5.2 टर्नओव्हर होते. भीती वाटावी असा आकडा, पण 27.4 गुण आणि 8.7 असिस्ट (बास्केट घडवणारे पास) घेऊन त्या हंगामात तो दोन्हींत देशात पहिला होता. सगळा भार एकाच्या खांद्यावर असला की चेंडू सुटणारच.

रिंगजवळचा टक्का वाचताना एक नियम ध्यानात ठेवावा. एनबीएत बचाव करणाऱ्याला, समोर कोणी नसताना, पेंटमध्ये (रिंगखालच्या आखीव चौकटीत) तीन सेकंदांहून जास्त उभं राहता येत नाही. कॉलेजला हा नियम नाही, आपल्याकडे फिबातही नाही. म्हणून कॉलेजमध्ये आत गर्दी असते आणि चपळ गार्डचा तिथला आकडा थोडा खाली दबलेला असतो.

कम्बाइनच्या विभागाला दहा मिनिटं पुरतात. बिनबुटांची उंची, हातांचा पसारा आणि उभ्याने हात किती वर पोचतो, एवढंच टिपावं. डॉनोव्हन मिचेलची उंची सुमारे 186 सेंटिमीटर, पसारा 208. लहान चणीचा गार्ड मोठ्या गार्डला कसा धरेल, याचं अर्धं उत्तर या फरकात होतं. तिथली नेमबाजी वाचण्यात वेळ घालवू नये, मोजके चेंडू आणि समोर कोणी नाही. मापं फूट-इंचांत असतात, आधी सगळी इंचांत करून 2.54ने गुणावीत, म्हणजे सेंटिमीटर मिळतात. अनेक नावांपुढचे रकाने रिकामे सापडतात, तिथे कॉलेजने छापलेली उंची भरू नये. ती बऱ्याचदा फुगवलेली असते.

वय या तिन्ही ठिकाणी मागे पडतं, आणि ड्राफ्टच्या टेबलावर कमी वयाला गरजेपेक्षा जास्त भाव मिळतो. जेलन ब्रन्सनने व्हिलानोव्हाकडून 2016 आणि 2018 असं दोनदा विजेतेपद मिळवलं, तरी तो 33वा गेला. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या गार्डचे आकडे एकसारखे चांगले असतील, तर त्याचं नाव यादीत वर न्यायला कचरू नये.

ड्राफ्टची पहिली फेरी न्यूयॉर्कला रात्री आठला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, पोदेरच्या (पाववाल्याच्या) भोंप्याच्या आसपास. जून महिना, पावसात वीज जाते आणि वायफायही. तक्ते आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवावेत.