कापूस-खरेदीची फाइल २ जीबीला टेकली, तर तुकडे कसे पाडावेत?

वर्ध्याकडच्या एखाद्या जिनिंगमध्ये काटापट्टी (वजनाची पावती), कापसाची प्रत, ओलाव्याची कपात आणि चुकारा (शेतकऱ्याला द्यायचे पैसे) असे सगळे मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या एकाच फाइलमध्ये साठत असेल, तर २ जीबीची मर्यादा एक ना एक हंगामी आडवी येणारच, कारण ती वाढवता येत नाही. तुकडे पाडण्याआधी मात्र फाइलची प्रत काढून ती ॲक्सेसच्या ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ सोयीने आवळून घ्यावी, कारण पुसलेल्या नोंदींची जागा तोवर मोकळी होत नाही. शिवाय सातबारा आणि पासबुकाचे फोटो फाइलमध्येच असतील, तर ते फोल्डरात हलवून नोंदीत केवळ त्यांचा पत्ता ठेवावा. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते.

तरीही फाइल मोठीच राहिली, तर सर्वांत आधी सुचते ती हंगामवार वाटणी, आणि माझ्या मते तीच सर्वांत फसवी आहे. चुकारा अडकतो, बँकेचे खाते बदलते, म्हणून मागल्या हंगामाची नोंदही दुरुस्त करावी लागते. पण सगळे हंगाम एकत्र दाखवणारी युनियन क्वेरी केवळ वाचता येते, तिच्यात बदल करता येत नाही. दुरुस्तीसाठी त्या-त्या हंगामाचा तक्ता स्वतंत्रपणे उघडावा लागतो, आणि शेतकऱ्यांची यादी प्रत्येक फाइलमध्ये असेल, तर एका ठिकाणी नवा खातेक्रमांक आणि दुसरीकडे जुनाच राहतो.

तक्तावार वाटणीत शेतकरी, काटा आणि चुकारा यांच्या तीन फाइली होतात, आणि फॉर्म असलेली चौथी फाइल प्रत्येक संगणकावर राहून त्यांना जोडलेली असते. प्रत्येक तक्ता अखंड असल्याने दुरुस्ती थेट होते व प्रत्येक फाइलला स्वतःचे २ जीबी मिळतात. उणीव अशी की, दोन फाइलींमधील तक्त्यांच्या नात्यावर ॲक्सेस पहारा ठेवत नाही; शेतकऱ्याचे नाव पुसले गेले, तर त्याच्या काटापट्ट्या बेवारस होतात. म्हणून फॉर्मवर पुसण्याची सोयच ठेवू नये, ‘खाते बंद’ अशी खूण पुरे. तिन्ही फाइलींची राखीव प्रतही एकाच वेळी, काम थांबवून घ्यावी, नाहीतर काटा कालचा आणि चुकारा आजचा अशी गत होते. एकटा काट्याचाच तक्ता मर्यादेकडे निघाला असेल, तर या वाटणीचा उपयोग नाही.

तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या डेटाबेस सर्व्हरकडे वळावे. ते मोफत आहे, २०२२ च्या आवृत्तीत प्रत्येक डेटाबेसला १० जीबी मिळतात आणि ॲक्सेसचे फॉर्म बहुतांशी तसेच चालतात. मात्र जोडलेल्या तक्त्याला प्राथमिक कळ (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा रकाना) नसेल, तर त्यात बदल करता येत नाही. लाइन वारंवार जाते तिथे याचे मोल अधिक, कारण लिहिताना वीज गेली तर ॲक्सेसची सामायिक फाइल बिघडू शकते, तर सर्व्हर आपल्या लॉगच्या (बदलांच्या नोंदवहीच्या) आधारे अर्धवट व्यवहार मागे घेतो. राखीव प्रतीचे वेळापत्रक मात्र विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून लावावे लागते, आणि त्याकडे लक्ष देणारा माणूस जिनिंगमध्ये हवा.

दोन-तीन संगणक आणि बरा इन्व्हर्टर असेल, तर मी तक्तावार वाटणीच निवडेन. हंगामवार फाइल केवळ ज्या वर्षाचे सारे चुकारे फिटले त्याच वर्षाची करेन. यांपैकी काहीही करायचे, तर ते पावसाळ्यात करावे, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना नव्हे.