मलेशियन ड्रिफ्टवुड म्हणून मी १३ किलो सिमेंट विकत घेतलं

माझा माशांचा टँक पाच बाय दोन बाय दोन फुटांचा, म्हणजे साडेपाचशे लिटरच्या वर. त्यात शोभेल असं ड्रिफ्टवुड, म्हणजे टँकमध्ये ठेवायचं मोठं लाकडी खोड, हवं होतं. धरणाचं पाणी ओसरलं की काठाला वाळलेली खोडं दिसतात, ती उचलून आणता आली असती. पण १९२७ च्या वन अधिनियमात वाहून आलेल्या लाकडाबद्दलही कलमं आहेत, म्हणून कायद्याला धरून विकत घ्यायचं ठरवलं. माझी चूक असलीच तर एवढीच.

विक्रेता परराज्यातला. फोटो खरे वाटणारे, व्हिडिओत खोड टबात टाकताच तळाला जात होतं. २४ किलो, ४५० रुपये किलो: १०,८००. वाहतूक १,६५०. आधी ६,००० घेतले, उरलेले ६,४५० माल निघण्यापूर्वी. बिल मागितलं तर 'मालाबरोबर येईल, सर.' ते आलंच नाही. बिल हातात पडल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका.

एवढं मोठं खोड घरात उकळता येत नाही. उकळतं पाणी ओतून चार दिवस टबात भिजवलं. पाणी तसंच स्वच्छ राहिलं. इथेच मला कळायला हवं होतं! मलेशियन लाकूड टॅनिन, म्हणजे लाकडातलं तपकिरी द्रव्य, सोडतं, टबातलं पाणी चहासारखं होतं, आठवडे पाणी बदलत बसावं लागतं. हे मला वर्षानुवर्षं माहीत आहे. तरी त्या चार दिवसांत मी खूश होतो, की मेहनत वाचली. ते स्वच्छ पाणी अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

खोड टँकमध्ये गेलं आणि तिसऱ्या दिवशी चारही डिस्कस मासे मेले. प्रत्येकी १,८०० चे, ७,२०० रुपये. पण दोन वर्षं हाताने वाढवलेले मासे होते, त्याचं काय? पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप, ६.६ वरून ८.४ वर गेला होता. खोड बाहेर काढून छिन्नी मारली तर आतली पोकळी सिमेंटने भरलेली, वरून तपकिरी रंग. वजन केलं, १३ किलो. खालच्या बाजूला संशय आला तर व्हिनेगर टाकून बघा, सिमेंट असेल तर बुडबुडे येतात.

पोलीस चौकीत तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा, 'लाकूड मिळालं ना? मग फसवणूक कसली?' दुसऱ्यांदा, 'दिवाणी बाब आहे.' तिसऱ्यांदा, 'तो परराज्यात आहे, तिकडे जा.' छिन्नीने फोडलेला तुकडा टेबलावर ठेवला तर 'हे इथून उचला.' माशांचं नाव काढलं की समोरचे हसायचे. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ग्राहक तक्रारीला विक्रेत्याचा पत्ता हवा, आणि माझ्याकडे फक्त एक बंद नंबर. १९,६५० रुपये गेले, आणि लेखी पोचसुद्धा कोणी दिली नाही.

पैसे गेल्याचं लक्षात येताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, मी आठ दिवस विक्रेत्याच्या उत्तराची वाट बघत घालवले. खोड घेताना चोवीस तास पाण्यात ठेवलेल्या लाकडाचा आणि त्याच्या तळाचा व्हिडिओ मागा. ते नवं खोड वेगळ्या बादलीत भिजवून त्या पाण्याचा पीएच आधी आणि नंतर मोजा. पंधरा रुपयांच्या पट्टीने माझे मासे वाचले असते.